विसरलेल्या पैशांचा डबा

आगरदांड्याच्या धक्क्याजवळच्या हॉटेलात मी वेटर होतो, तेव्हा आमच्या सदऱ्यांना खिसे नव्हते. शेठने ते मुद्दाम तसे शिवून घेतले होते. दिघीला जाणाऱ्या लाँचचा भोंगा झाला की गिऱ्हाइकं उरलेला चहा घशात ओतून उठायची आणि जाताजाता बशीत एखादं नाणं ठेवायची. हरिहरेश्वराला निघालेल्या मंडळींचा हात जरा सैल असायचा. ते नाणं आमच्यासाठी आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शेठ मात्र त्याला ‘विसरलेले पैसे’ म्हणायचा. गल्ल्यावर एक पत्र्याचा डबा होता, त्यात ते टाकावे लागत. गिऱ्हाईक विसरलं ते दुकानाचं, असा त्याचा कायदा.

पगार वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला. मधल्या काळात दोन वेळचं जेवण आणि मार. माराला कधी खाडा नसायचा. कप फुटला की थोबाडीत, गिऱ्हाईक कुरकुरलं की पाठीत सांडशी. माझ्या डाव्या कोपरावर तिचा वण अजून आहे. तो दिसला की आजही माझं डोकं फिरतं, आणि फिरायलाच हवं.

माझ्याबरोबर एक वयस्क वेटर होता, दिघीपलीकडच्या गावचा. मी त्याला काका म्हणायचो. बिल लिहायची पद्धत आमच्याकडे नव्हती. गिऱ्हाईक उठलं की वेटरने टेबलापासूनच ओरडून रक्कम गल्ल्यावर सांगायची. काकाची हाक धक्क्यापर्यंत जायची. “एक चहा, दोन पाव, तीन आणे” एवढं ऐकलं की शेठ मान वर न करता पैसे घ्यायचा, इतका त्याचा त्या आवाजावर भरवसा.

एका सकाळी पलीकडून आलेल्या खलाशाने निरोप आणला. काकाची बायको तापाने फणफणली होती, माणूस ओळखत नव्हती. काका हात पुसून गल्ल्यापुढे उभा राहिला.

“शेट, लाँचच्या तिकिटापुरतं द्या. पगारातनं कापून घ्या.”

“पगार शिमग्याला,” शेठ म्हणाला. “आणि तू गेलास तर कपबशा काय माझा बाप उचलणार?”

काका फडकं खांद्यावर टाकून टेबलांकडे वळला. मला मात्र त्या माणसाचा गळा धरावासा वाटत होता.

थोड्या वेळाने भोंगा झाला. देवाला निघालेल्या एका गृहस्थाने काकाकडे बघत बशीत पावली ठेवली. दिघीचं तिकीट तेवढ्यात बसत होतं. खिसा नाही, मूठ झाकून ठेवावी तर हातात कपबशा. काकाने तोंड पुसल्यासारखं केलं आणि पावली गालात टाकली. मी पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, शाबास!

पण त्या गृहस्थाचं बिल सांगायचं राहिलं होतं. तो गल्ल्यापाशी पोचला आणि काकाने सवयीने हाक दिली. नेहमीच्या खणखणीत हाकेऐवजी गालात गोटी ठेवल्यासारखं काहीतरी बोबडं बाहेर पडलं. शेठची मान वर झाली.

“तोंड उघड,” तो म्हणाला.

काकाने नकारार्थी मान हलवली. शेठने चुलीवरची सांडशी उचलली आणि सरळ जबड्यावर हाणली. हाड वाजलेलं मी ऐकलं. काका खाली बसला, तरी त्याने तोंड मिटूनच ठेवलं. शेठने पुन्हा हाणली. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा माझ्या हातात चहाची किटली होती. ती मी त्याच्या मांड्यांवर रिकामी केली. तो किंचाळत आडवा झाला, आणि मी त्याच्या छातीवर बसून त्याचं नाक फुटेपर्यंत मारत राहिलो. गिऱ्हाइकांनी मला ओढून काढलं. मला त्याचा पस्तावा तेव्हाही नव्हता, आजही नाही.

काका फरशीवर हाताने चाचपत होता. रक्तात पावली पडली होती आणि शेजारी त्याचा दात. पावली त्याने मुठीत घेतली. दात उचलून तो गल्ल्यापाशी गेला आणि पत्र्याच्या डब्यात टाकला.

“ह्यो हितं इसरून चाललोय,” तो खाली पडलेल्या शेठला म्हणाला. “दुकानाचा झाला.”

त्याला धरून मी धक्क्यावर नेलं. लाँच सुटायच्या बेतात होती. तिकीटवाल्याने पावली हातात घेतली आणि लगेच बोटं झटकली.

“काका, हिला रक्त लागलंय.”

“रगत माझंच हाय,” काका फुटक्या तोंडाने म्हणाला, “नि पैसा बी माझाच.”