दोन बांध आमचे

आमचं शेत कल्याणच्या बाहेर, नव्या टॉवरना लागूनच. नवरा वागळे इस्टेटमध्ये कामाला, शेती धाकटे भावजी बघतात. मी डोंबिवलीत बिल्डिंगमध्ये वाढलेली. लग्नानंतर कळलं की भात सगळ्या घराचं असलं तरी शेताचे बांध सासूबाईंचे. तिथे तूर, वाल, चवळी, लाल माठ लावताना त्या कुणाला विचारत नसत. संध्याकाळी पदरातून जे यायचं ते रात्री ताटात.

गेल्या वर्षी भात निघाल्यावर भावजींनी बाजारासाठी भेंडी लावली आणि बांधांवर तणनाशक मारलं. बांध इतके चकाचक झाले की मीच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, 'शेत नाही, गार्डन!'

भेंडी जोरात आली. सरळ ती क्रेटमध्ये, वाकडी आमच्या कढईत. आठवड्यातले पाच दिवस भेंडी, दोन दिवस बटाटा.

धाकट्या जावेला तेव्हा पाचवा महिना. हिमोग्लोबिन आलं आठ. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "घरची शेती ना? मग पालेभाजी, कडधान्य काय खाता?" जाऊ माझ्याकडे बघायला लागली, मी जमिनीकडे.

घरी येऊन रिपोर्ट सांगितला. सासूबाई भावजींवर उखडल्या. "बांद सगला जाललास. आता पोरीला भेंडीच चार!"

"आई, बांधावर झाडं ठेवली की कीड भेंडीवर जाते."

हे अगदीच खोटं नव्हतं. मी म्हटलं, "भावजी, भेंडीकडचे बांध तुमचे. घराकडचे दोन आमचे. तिथे फवारणीचा पंप फिरवायचा नाही."

"वहिनी, माठ कुठला आणि गवत कुठलं, कळतं का तुम्हाला?"

"नाही. म्हणून आई बरोबर येणार."

खरंच कळत नव्हतं. दोन बांधांवर आम्ही माठ आणि वाल पेरला. माठ उगवला तेव्हा अर्धा मी गवत म्हणून उपटला. सासूबाई म्हणाल्या, "डोंबिवलीला काय प्लॅस्टिकची भाजी खात व्हतीस?" उरलेला माठ मोठा होईपर्यंत विहिरीजवळच्या शेवग्याचा पाला डाळीत घातला.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी बदलली. आमच्याकडे बायका शेवटी जेवतात, तोवर कढईत रस्साच उरतो. जाऊ आता पहिल्या पंगतीला बसते. सासूबाईंनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच तिला वाढलं.

पुढच्या तपासणीत दहा आलं. रात्री जेवताना भावजी म्हणाले, "गोळ्यांनी वाढलं."

गोळ्यांचा हात होताच, मी कशाला वाद घालू? पण त्यांनी जावेच्या ताटातल्या माठाकडे हात नेला, तशी ती म्हणाली, "मग तुम्ही गोळ्याच खा ना."

बाळंतपणाआधी डॉक्टरबाईंना अकरा हवंय. बांधावर वाल फुलावर आलाय.