कांद्याच्या सालीतली गावठी अंडी

कांद्याच्या साली तापल्याचा वास आला की मला कोल्हापुरातली माझी सासुरवाडी आठवते. लग्नानंतर जावई म्हणून पहिल्यांदाच राहायला गेलो होतो. सासरे तालमीत मुरलेले पैलवान. रोज सकाळी गरम दुधात दोन कच्ची अंडी फोडून प्यायचे, तीही लालसर गावठीच. पोल्ट्रीच्या पांढऱ्या अंड्यांना हात लावत नसत. मी तोऱ्यात म्हणालो, "उद्याची अंडी मी आणतो," आणि साऱ्या गल्ल्या पालथ्या घालूनही मिळाली ती पांढरीच. जावयाची अब्रू पणाला लागली! मग स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून मी ती कांद्याच्या सालींत चांगली खळखळून उकळली. काय सुरेख तांबूस रंग चढला! सकाळी सासऱ्यांनी एक अंडं पेल्याच्या काठावर आपटलं, तर आतून थेंबही गळेना. त्यांनी ते सावकाश सोललं आणि माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, ही कोंबडी चुलीवर बसून अंडी घालती व्हय?" दाराआड बायको खुदखुदली. माझी मान खाली गेली. सासऱ्यांनी मात्र अर्धं अंडं मीठ लावून माझ्या हातावर ठेवलं. "खावा. रंग झ्याक आलाय की!" आता सासरे नाहीत, पण मी अंडी आणली की बायको अजून एकेक कानाशी धरून हलवून बघते.