लॉरिंगबाईंचं खळं

लॉरिंगबाई गेल्या हे मला भद्रकालीच्या बाजारात कळलं. हातात पत्रकांचा गठ्ठा होता, समोर माझ्याबरोबर टेनिस खेळणाऱ्या झुबेदाच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि मी नेहमीप्रमाणे परदेशी मालाविरुद्ध घसा फोडत होते. झुबेदा दुकानाच्या मागच्या दारानं आली आणि तिनं माझ्या हातातला गठ्ठाच ओढून घेतला. मला वाटलं, आज हिच्या घरच्यांचा धीर सुटला. "बस कर इंदू," ती म्हणाली. "बाई गेल्या. सकाळी चहा पिता पिता..." ज्या पायरीवर गिऱ्हाइकानं चढू नये म्हणून मी उभी होते, त्याच पायरीवर आम्ही दोघी बसून राहिलो. आतून तिच्या वडिलांनी पाण्याचा तांब्या पाठवला. त्या दिवशी ना मी घोषणा दिल्या, ना त्यांनी दुकान नीट चालवलं.

या गोष्टीला काही आठवडे झाले. एवढ्या दिवसांत बाईंवर जे जे छापून आलं ते मी वाचलं, आणि जितकं वाचलं तितका माझा संशय वाढला. 'अमेरिकेची एकेकाळची टेनिसविजेती, देवळाली कॅम्पातल्या क्लबाचं भूषण, सर्वांची लाडकी.' लाडकी? ज्या क्लबाच्या हिरवळीवर बाई आपल्या विद्यार्थिनींना घेऊन गेल्या तेव्हा फाटकावरच 'मॅडम, तुम्ही या, ह्या नकोत' असं सांगितलं गेलं, त्या क्लबाचं भूषण? संपादकांनी मला लिहायला सांगताना 'जरा सौम्य लिहा' म्हणून बजावलं आहे. मी प्रयत्न करते. पण मेलेल्या माणसाचं कौतुक एकाएकी वाढलं की त्याच्या मागं कोणाला काय हवं आहे ते बघावं, हे मला चळवळीत शिकवलं गेलं आहे आणि ते खोटं ठरल्याचं मला अजून आठवत नाही.

संशय बाईंवरही होता, हे आधीच सांगते. गावाबाहेर सातपूरच्या वाटेला दवाखान्याचा एक बंगला आहे. बाईंचे भाऊ त्या दवाखान्यात डॉक्टर होते. ते वारले, बाई मात्र परत गेल्या नाहीत, त्याच बंगल्यात राहिल्या. गोऱ्या बाईनं नाशकात का राहावं? त्यातून मुलींना फुकट खेळ का शिकवावा? माझी आई म्हणाली, "खेळायला जा, पण तिच्या हातचं पाणी पिऊ नकोस." चळवळीतले दादा म्हणाले, "इंदूताई, जा आणि डोळे उघडे ठेव. ही बाई दर आठवड्याला टांग्यातून कॅम्पात जाते. कोणाकडं जाते?" तेव्हा मी टेनिस शिकायला गेले ती हेर पकडायला. बाईंनी माझ्या हातात रॅकेट दिली, माझ्या पहिल्या फटक्यानं चेंडू कुंपणाबाहेर गेला, आणि त्या आपल्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "मुली, तुला राग पुष्कळ आहे. तो कोठे टाकावा हे मी शिकवीन."

पासष्टी ओलांडलेली, उंच, हाडकुळी बाई. नाक उन्हानं कायम सोललेलं. स्वतःबद्दल त्या सहसा बोलत नसत, पण आम्ही दमून झाडाखाली बसलो की थोडं थोडं निघायचं. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या कुठल्याशा गावात वडिलांच्या अंगणात हिरवळ होती. भाऊ खेळायचे, ही चेंडू वेचायची. एक भाऊ आजारी पडला आणि सामन्याला माणूस कमी पडलं म्हणून हिला उभं केलं. त्यानंतर हिला कोणी बसवू शकलं नाही. बायका तेव्हा कमरेखालून अलगद सर्व्हिस करायच्या. हिनं डोक्यावरून केली, तर प्रेक्षकांतल्या बायका पंख्याआड हसल्या. दोनदा सबंध देशाची विजेती झाली. "आमच्याही पायांत घागराच होता," त्या आमच्या नऊवारीकडं बघून म्हणायच्या. "आणि पोट आवळून बांधलेले. तुमचा काष्टा फार उत्तम. आम्हाला तो ठाऊक असता तर मी चार वेळा जिंकले असते."

त्या काळी त्यांच्याकडं बायकांचा शेवटचा सामना पाच सेटांचा असे. पुरुषांइतकाच. बाईंनी दुसऱ्यांदा विजेतेपद मिळवलं ते कडक उन्हात, पाचव्या सेटला. दोघी खेळाडू धडधाकट चालत बाहेर आल्या, हातात हात घालून. आणि नंतर पुरुषांची एक समिती बसली आणि तिनं ठरवलं की पाच सेट बायकांच्या प्रकृतीला झेपत नाहीत, इथून पुढं तीन. "आमच्या भल्यासाठी," बाई म्हणाल्या. "आम्हा खेळणाऱ्यांना कोणीच विचारले नाही." बाईंनी वर्तमानपत्रातून भांडण केलं, त्यावर त्यांना उद्धट म्हटलं गेलं, आणि पुढच्या वर्षी आपलं विजेतेपद राखायला त्या गेल्याच नाहीत.

"बहिष्कार!" मी उठून उभी राहिले. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला. पण माझी जीभ माझ्याही ताब्यात नसते. मी विचारलं, "बाई, खरंच बहिष्कार होता, की हरायची भीती?" झुबेदानं मला चिमटा काढला. बाई रॅकेटच्या तारा चाचपत म्हणाल्या, "दोन्ही." एवढंच. आमच्या सभांत मी शेकडो भाषणं ऐकली, पण असं उत्तर एकाही व्यासपीठावरून आलं नाही. त्या दिवसापासून मला त्या बाईवर विश्वास टाकावासा वाटू लागला आणि त्याचीच मला धास्ती वाटली.

आता खळ्याचं सांगते, कारण सगळं भांडण त्याच्यावर आहे. बंगल्याच्या अंगणातलं कोर्ट मुरमाचं होतं, आणि एका पावसाळ्यानंतर त्याला अशा भेगा पडल्या की चेंडू पडेल तिथून भलतीकडंच उडायचा. आमच्यातली कौसा सायखेड्याची. बाप शेतकरी, ती शाळेसाठी नाशकात मामाकडं राहायची. ती भेगांकडं बघून म्हणाली, "बाई, याचं खळं करू. आमच्याकडं मळणीला करत्यात ना, तसं. लय गुळगुळीत हुतंय." बाईंना खळं ठाऊक नव्हतं. कौसानं मामाची बैलजोडी आणली, माती टाकून भिजवली आणि अमेरिकेच्या विजेतीच्या अंगणात बैल गोल गोल फिरायला लागले. रस्त्यानं जाणारे टांगे थांबले. कोणी ओरडलं, "मडम, यंदा बाजरी की चेंडू?" बाईंना ते समजलं आणि त्या खळखळून हसल्या. मग आम्ही माती चोपली, शेणानं सारवली, आणि बाईसुद्धा बाह्या सारून शेणात कोपरापर्यंत.

सारवण वाळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या चपला कडेला काढून आत गेलो. कोणी सांगितलं नव्हतं, ठरलं नव्हतं. सारवलेल्या जमिनीवर चपला घालून जायचं आमच्या पायांना जमतच नाही. बाई आल्या, त्यांनी चपलांची रांग बघितली आणि गंभीर होऊन मला विचारलं, "आज कशाविरुद्ध?" त्यांना वाटलं, मी मुलींना फितवून सत्याग्रह सुरू केला! आम्ही हसतो आहोत तोवर त्यांनी आपल्या कॅनव्हासच्या बुटांनी आत पाऊल टाकलं आणि कौसा केवढ्यानं किंचाळली, "बाई, जोडं काढा! खळ्यात जोडं घालून येतं का कोनी?" बाई थबकल्या. खाली बसल्या, नाड्या सोडल्या, आणि त्या दिवसापासून त्या अखेरपर्यंत अनवाणी खेळल्या. कॅम्पातले दोन तरुण अधिकारी एकदा त्यांच्याशी खेळायला आले होते. 'बूट काढा' म्हटल्यावर ते हसले, मग चिडले, मग गेले. बाईंनी त्यांना अडवलं नाही.

रेघा आम्ही चुन्यानं ओढायचो, रांगोळीसारख्या, चिमटीतून. चुना असायचा एका दोन कानांच्या काळपट भांड्यात. ते भांडं म्हणजे बाईंचा विजेतेपदाचा चांदीचा चषक होता, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. "बाई, हे कपाटात ठेवायचं असतं," झुबेदा हळहळली. "कपाटात ते काय काम करील?" बाई म्हणाल्या. शेवटची मागची रेघ मात्र त्या स्वतःच ओढायच्या. वाकून, एका दमात, आणि मग चुन्याचा अंगठा चषकाच्या काठाला पुसायच्या.

कॅम्पाच्या फेऱ्यांचं काय? मी एक दिवस सरळ विचारलं, "बाई, तुम्ही सरकारला आमच्या बातम्या देता का?" त्या म्हणाल्या, "देते. त्यांना सांगते की तुझा बॅकहँड फार वाईट आहे." येताना त्यांच्या पिशवीत क्लबातले टाकून दिलेले चेंडू असत, त्यांनीच आम्ही खेळत होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चहाच्या टेबलावर त्या काय बोलत हे मी पाहिलेलं नाही. दादा अजून म्हणतात, गोऱ्यांची जात गोऱ्यांत. माझ्यावर खटला झाला नाही, आमच्यापैकी कोणी पकडली गेली नाही, एवढाच माझ्याकडं पुरावा आहे. सबंध विश्वास ठेवला असं मी लिहिणार नाही. बाईंनाच ते खोटं वाटलं असतं.

आणि आता 'स्मारक समिती'. दवाखान्याचे काही विश्वस्त, क्लबातले दोन साहेब आणि त्यांच्या पुढं पुढं करणारे आमचे एक रावसाहेब. त्यांनी ठरवलं आहे की बाईंच्या स्मरणार्थ अंगणातलं कोर्ट काढून तिथं गुलाबाची बाग करायची, आणि चषक कॅम्पात न्यायचा, तिथं दरवर्षी बाईंच्या नावानं सामने होतील. हिरवळीवर, म्हणजे आम्हाला बंद असलेल्या फाटकाच्या आत. आम्हाला बातमी कळली ती कौसाच्या मामाकडून. गुलाबांसाठी खत मागायला माळी त्यांच्याकडं गेला होता.

गेल्या रविवारी सकाळी समिती जागा पाहायला आली. आदल्या दिवशी आम्ही ताजं सारवलं होतं. झुबेदाचा आणि माझा सामना चालू होता, कौसा उंच स्टुलावर बसून गुण ओरडत होती. रावसाहेब आधी बंगल्यात गेले, कपाटं उघडल्याचे आवाज आले, मग घाम पुसत कोर्टाच्या कडेला येऊन उभे राहिले. दोन साहेब मागं. सगळ्यांच्या पायांत चकचकीत बूट.

"मुलींनो, तो चांदीचा चषक कुठं आहे?"

"आत हाय," कौसा म्हणाली. "त्यो बघा, रेघेपाशी. चुना हाय त्यात."

रावसाहेबांनी पुढं पाय टाकला. "रावसाहेब, जोडं!" कौसाचा तो आवाज अंगणातल्या सगळ्या पाखरांना ठाऊक आहे. पाय जिथल्या तिथं थांबला. शेवटी रावसाहेबही याच मातीतले. सारवणावर बूट ठेवणं त्यांच्याही पायांना जमलं नाही.

"बरं बरं. तुमचा खेळ कधी संपतो?"

"पाच सेटांचा हाय."

"बायकांचे तीन असतात," मागचा एक साहेब इंग्रजीत म्हणाला.

"आम्हाला कोणी विचारलं नाही," मी मराठीत म्हणाले आणि सर्व्हिस केली.

झुबेदा दोन सेट घेऊन पुढं होती, माझा एक. चौथा ती सहज जिंकती आणि सगळं तिथंच संपतं. पण चौथ्या सेटात तिचे साधे साधे चेंडू जाळीत जायला लागले. तो सेट तिनं मला सोडला असा माझा पक्का संशय आहे. ती साफ नाकारते. "ऊन डोळ्यांत येत होतं गं," म्हणते. ऊन तिच्या पाठीला होतं.

रावसाहेब सदऱ्याची गुंडी सोडत म्हणाले, "अगं, हे तुमच्याच भल्यासाठी चाललंय. बागेत तुम्हीसुद्धा या, फुलं बघा." कौसानं पाचवा सेट पुकारला. मग मी एक गोष्ट पाहिली, ती त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवी. रावसाहेब खाली वाकले, त्यांनी एका बुटाची नाडी सोडली... आणि मागं वळून साहेबांकडं बघितलं. साहेब घड्याळ बघत होता. रावसाहेबांनी नाडी पुन्हा बांधली. मोटार गेली तेव्हा आमचा पाचवा सेट अर्ध्यावरही आला नव्हता. आम्ही तो पुरा खेळलो. झुबेदा जिंकली.

ते परत येतील, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच हा लेख श्रद्धांजलीसारखा वाटला नाही तर संपादकांनी मला माफ करावं. आम्ही रोज खेळतो. सारवण उखडलं की सारवतो. पण मागची रेघ ओढताना एकेकीचा हात अडतो, ती अजून कोणाला बाईंसारखी एका दमात जमत नाही. चषक आम्ही धुतलेला नाही. त्याच्या काठावर चुन्यात उमटलेला बाईंचा अंगठा अजून तसाच आहे. ज्यांना तो चषक हवा आहे त्यांनी न्यावा. मधे सारवलेली जमीन आहे, बूट बाहेर काढून यावं.