एक भाषण, तीन भाषा

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. मी उमरग्याकडच्या एका गावात मास्तर होतो. घरी कानडी, गावात मराठी, शाळेत सक्तीची उर्दू. म्हणून हैदराबादेत शिकून आलेल्या एका तरुण पुढाऱ्यानं मला दुभाष्या म्हणून सोबत घेतलं. उद्याच्या देशात कुणी आपली भाषा, आपला देव सोडायचा नाही आणि एकमेकांच्या सणात मात्र सगळ्यांनी यायचं, असं तो मराठीत सांगायचा. पोरगा मनापासून बोलायचा. पण त्याचं प्रत्येक वाक्य मला आणखी दोनदा बोलावं लागे, एकदा कानडीत, एकदा उर्दूत. चौथ्या गावापर्यंत माझा घसा बसला, मनही विटलं.

त्या गावात लिंबाच्या सावलीत जाजम अंथरलं होतं. लिंगायत पाटील जांभई देऊन म्हणाले, "अहो, मोहरमच्या पंजाची सवारी आमच्याच घरचा माणूस उचलतो, आजोबापासनं. नवं काय सांगता?" पुढाऱ्याला हे ठाऊकच नव्हतं. खूश होऊन त्यानं टाळ्या वाजवल्या, जाजमावरच्यांनीही वाजवल्या.

तेवढ्यात पलीकडं उन्हात उभा असलेला, वेशीबाहेरच्या वस्तीतला म्हातारा म्हणाला, "त्या सवारीपुढं हलगी आमीच वाजवतो, दरसाल. मग आज आमी कुठं बसावं, तेवढं सांगा की."

पुढारी माझ्याकडं बघायला लागला. मी खाली बघितलं. जाजमावर माझ्या शेजारी जागा होती.

म्हाताऱ्याचं तेवढं एक वाक्य कानडीत किंवा उर्दूत सांगा, असं मला कुणी म्हणालं नाही. मीही सरकलो नाही. दमलो होतो, अशी अजून स्वतःची समजूत घालतो.