हेडमधली फुली

कसारा घाट चढताना माझ्या मोटारसायकलला धाप लागायची. म्हणून इंजिनाचं हेड उतरवलं आणि त्यातल्या हवेच्या वाटा घासून घ्यायला द्वारका चौकाजवळच्या एका मेकॅनिककडे दिलं. देण्याआधी हवा आत शिरते त्या भोकात खिळ्यानं एक फुली कोरून ठेवली. गॅरेजवाले आपला चांगला पार्ट ठेवून घेतात आणि भलताच गळ्यात मारतात, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

चार दिवसांनी त्यानं हेड हातात ठेवलं. “आता हवा जास्त जाईल, म्हणजे पॉवरही वाढेल.”

मी भोकात बोट घातलं. फुली गायब!

“हेड बदललं तुम्ही!” मी ओरडलोच.

“नाही हो भाऊ. ऐन वळणावर कुणीतरी खिळ्यानं उकरून ठेवलं होतं. हवा तिथंच अडखळली असती. घासून गुळगुळीत केलं.”

कुणीतरी! मी पैसे मोजले आणि हेड उचललं.

आता तोच घाट गाडी खालचा गिअर न टाकता चढते. माझा संशय तिथंच तर बळावतो. माझं हेड इतकं चांगलं कधीच नव्हतं.