शेवटची सही माझी

ऑपरेटरकाकांच्या घरातला पंखा तीनवरून चारवर न्यायचा असेल, तर वहीत सही करावी लागे. मी शेजारी नवीन राहायला आले होते तेव्हाची गोष्ट. दुपारचं उकडत होतं, काकी पदराने वारा घेत होत्या, म्हणून मी आपली उठले आणि बटण फिरवलं. काका आतून चष्मा आणि शंभर पानी वही घेऊन आले. "बाय, हितं वेळ घाल आणि सही कर," म्हणाले, "कोणी फिरवलं त्याची नोंद नको?" मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरलं होतं. मी सही केली. निघताना पंखा परत तीनवर आणायची आठवणही त्यांनीच करून दिली आणि त्याचीही सही घेतली.

काकांची सगळी नोकरी पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये गेली, तीही कंट्रोल रूमला, ऑपरेटर म्हणून. निवृत्तीनंतर त्यांनी रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या बाजूला चार खोल्यांचं घर बांधलं. मी तिथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या विभागात काम करते, आणि त्यांच्या कुंपणापलीकडच्या घरात भाड्याने राहत होते. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. काकीसुद्धा "आमचे ऑपरेटर" असंच म्हणायच्या.

पॉवरहाऊसचा एक नियम काकांनी मला किमान दहा वेळा सांगितला असेल. दुरुस्तीला माणूस मशीनमध्ये उतरला, की त्याच्या नावाचं लाल कार्ड ती सुरू करायच्या कळीवर लटकवायचं. ते कार्ड ज्याने लावलं त्यानेच काढायचं. साहेबाने सांगितलं तरी दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. एकदा एक माणूस काम संपवून कार्ड काढायचं विसरला आणि कॉलनीत जेवायला निघून गेला. साहेबांना मशीन सुरू करायची घाई. काका कळीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, जीप पाठवा, त्याला आणा. पाऊण तास मशीन बंद राहिली, साहेब लालबुंद. "तो आला तेव्हा हात ओले होते त्याचे," काका सांगत. "जेवणावरनं उठून आलेला. त्या ओल्या हातानं त्यानं कार्ड काढलं, मग मी कळ दाबली." हात ओले असल्याचा तपशील दहाही वेळा आला. का, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटतं, तो माणूस आत अडकलेला नाही, जिवंत आहे, हे काकांना त्या पाण्यावरून पटलं असावं.

काकी मुळात मोठ्या फटकळ. "ह्यांनी लग्नाच्या रजिस्टरवरपण तीनदा वेळ तपासली," असं त्या सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. पुढे त्या विसरू लागल्या. आधी आमटीत दोनदा मीठ पडलं. मग माझं नाव गेलं, मग शेजारणींचीही. वाल सोलायला दिले की हात बरोबर चालत, पण ते कोणासाठी सोलतोय हे त्यांना सांगता येत नसे. एक गोष्ट तेवढी शाबूत होती. त्यांचा मुलगा दिनेश मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला आहे. त्याचा फोन आला आणि "आई" एवढं कानावर पडलं की काकी ताठ बसायच्या. "दिन्या, जेवलास काय रे?" मग पुढचा अर्धा तास त्या जुन्या काकी असत. माझ्याकडे बघून, "हिच्या भाकऱ्या अजून जाड होतात हो," असंही म्हणत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आवाज तुटू देऊ नका.

म्हणून काकांचा फोन त्या एका कामासाठी होता. त्यात व्हॉट्सॲप नव्हतं. एका पॅनलवर एकच काम, असं ते म्हणत. बोटीवरून लागणारे फोन दर वेळी कुठल्या तरी लांबलचक परदेशी नंबरावरून यायचे. फोन मी लावून दिला होता आणि काकांनी सेटिंगांची सोळा कलमं वहीत लिहून घेतली होती. आवाज पूर्ण. कंप बंद. अनोळखी नंबर वाजू देणे. प्रत्येक कलमापुढे माझी सही. रोज सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, काका ती सोळा पानं फोनवर उघडून वहीशी ताडून बघायचे. त्याला ते चार्ज घेणं म्हणत.

पहिलं अपडेट आलं तेव्हा अक्षरं बारीक झाली आणि वाजण्याची धून बदलली. सकाळी सव्वासातला काका वही घेऊन माझ्या दारात.

"शेवटची सही तुझी हाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तू फिरवलंस?"

"मी नाही काका. कंपनीने अपडेट केलंय."

"कंपनीतल्या कोणी?"

"कोणी असं नाही. आपोआप होतं ते."

"आपोआप काय होत नसतं, बाय. आमच्याकडं आपोआप झालं, तर त्याला अपघात म्हणायचे."

मी हसले, अक्षरं मोठी करून दिली, सही केली. काकांनी नोंदीत 'बदल करणाराचे नाव' हा रकाना रिकामा ठेवला. मला तेव्हा त्यांची कीव आली, आणि थोडा कंटाळाही. नसती उठाठेव, असंच मनात म्हटलं.

दुसरं अपडेट जानेवारीत झालं. त्या आठवड्यात आमच्याकडे माल पाठवायची घाई होती, मी घरी यायची ती पाय ओढत. संध्याकाळी काका कुंपणाशी उभे होते. पंधरा कलमं जागेवर होती, पण नववं पान सापडत नव्हतं. अनोळखी नंबरांचं. जिथे होतं तिथे आता दुसरंच काही होतं. मी फोन हातात घेतला, दोन ठिकाणी बोट फिरवलं आणि म्हटलं, "काढून टाकलं असेल काका त्यांनी. बाकीचं बरोबर आहे ना? मग असू दे."

"असू दे?" काकांनी विचारलं.

"हो. काही होत नाही."

त्यांनी वही पुढे केली. मी न बघता सही केली. आयुष्यात मी शेकडो कागदांवर अशा सह्या केल्यात, सगळेच करतात. पण त्या वहीत तशी सही माझ्याआधी कोणी केली नव्हती.

त्यानंतर फोन वाजला नाही. पहिल्या आठ दिवसांचं काही वाटलं नाही, बोट भर समुद्रात असली की तेवढा खंड पडायचाच. दहा दिवस झाले, पंधरा झाले. काका दुपारी चार वाजता, दिनेशची पाळी संपायच्या वेळेला, फोन पाटावर ठेवून काकींशेजारी बसायचे. काकी सुरुवातीला विचारायच्या, "दिन्याचा फोन नाय आला?" मग नुसतंच "फोन नाय आला?" मग त्यांनी विचारायचं सोडलं. काकांनी मुंबईच्या एजंटाच्या ऑफिसात चौकशी केली. बोट ठीक आहे, एवढंच कळलं.

तेविसाव्या दिवशी दिनेशचा मेसेज मला आला. बोट बंदराला लागली होती, नेट मिळालं होतं. 'ताई, बाबा फोन का घेत नाहीत? सगळं ठीक आहे ना?'

मी तशीच पळत गेले. काकांचा फोन उघडला आणि शोधत शोधत एका कोपऱ्यात पोचले. नववं पान कोणी काढून टाकलेलं नव्हतं. ते तीन पानं आत सरकवलेलं होतं, आणि काकांनी जे चालू ठेवलं होतं ते बंद झालं होतं. अनोळखी नंबर आले की आवाज न करता बाजूला टाकायचे, अशी 'सोय' झाली होती. तिथे फिक्या अक्षरांत नऊ फोन एकाखाली एक पडले होते. प्रत्येकापुढे लिहिलेलं, 'फसवा कॉल असू शकतो'. बहुतेक सगळे चारच्या सुमाराचे. म्हणजे काका फोनसमोर बसलेले असताना दिनेश तिकडून आईला हाक मारत होता आणि फोन मुकाट राहत होता.

काकांनी यादी दोनदा वाचली. त्यांनी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. मी रडायच्या बेतात होते. "काका, सही माझी आहे," मी म्हटलं.

"पान जागेवर नाय, हे मी बघितलं होतं," ते म्हणाले. "पाळी माझी होती."

कोणाशी भांडावं, हेच कळेना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीला तक्रार करायला बसले. आधी त्यांनी विचारलं, नवीन अपडेटचा अनुभव कसा वाटला, पाचपैकी किती चांदण्या द्याल? चांदणी दिल्याशिवाय पुढचं पान उघडेना. मी एक दिली. पुढचं पान आलं, आभारी आहोत म्हणून. बस, तेवढंच. माझा सगळा संताप तिथेच संपला, आणि त्याची मला आजही चीड येते.

फोन मी नीट लावून दिला होता. दिनेशला कळवलं होतं. रविवारी मी काकांकडेच थांबले. काकी पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. चारला पाच कमी असताना फोन वाजला, पूर्ण आवाजात, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. काकांनी स्पीकर लावून तो काकींच्या हातात दिला.

"आई!" दिनेश म्हणाला.

काकींनी फोनकडे बघितलं. मग काकांकडे. मग पाहुण्याशी बोलतात तशा सौम्य आवाजात म्हणाल्या, "कोण हवंय आपल्याला?"

"आई, मी दिनेश. दिन्या."

"हां. घरात नायत हो ते," काकी म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे देऊ लागल्या. "ह्यांचं काय काम हाय बघ, बाय."

काकांनी मधेच फोन घेतला. पलीकडून दिनेश विचारत होता, "बाबा, आई अशी काय बोलते?"

काका पडद्याकडे बघत होते. रेंज पूर्ण होती. मला तिथून दिसत होती.

"लाईन खराब हाय रे," ते म्हणाले. "तिला ऐकू येत नाय तुझं."

"मला तर स्वच्छ येतंय."

"इकडं टॉवरचं काम चाललंय. तू कर परत. ती वाट बघते तुझी."

दिनेशने पुढच्या बंदराचं नाव सांगितलं, औषधांचं विचारलं. काका हो हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर ते काकींसमोर खाली बसले आणि वालांची परात अर्धी आपल्याकडे ओढून घेतली.

"कोणाचा फोन ओ?" काकींनी विचारलं.

"बोटीवर असतो एक मुलगा. आईची चौकशी करीत होता."

"गुणी हाय," काकी म्हणाल्या. "एवढ्या लांबनं फोन करतो. त्याच्या आवशीला किती बरं वाटलं आसंल."

"आसंल," काका म्हणाले आणि वाल सोलू लागले.