खुर्चीवर फक्त दोन भाग

माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी मला दोन आकडे दिले. एक, दिवसाला एक लिटर पाणी. चहा, आमटी, औषधाबरोबरचा घोट, सगळं धरून एक लिटर. दुसरा, त्याचं कोरडं वजन, बासष्ट किलो. दर डायलिसिसनंतर काटा तिथे यायला हवा. बाकी सगळं तुमच्या हातात, असं ते म्हणाले. तुमच्या म्हणजे माझ्या.

मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. तिथे नट-बोल्टसुद्धा सही घेतल्याशिवाय बाहेर जात नाही. एक लिटरची बाटली भरून त्यावर पेनाने रेघा मारणं मला अवघड नव्हतं. अवघड होतं ते त्याला. कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या उकाड्यात वीस वर्षं उभा राहून तांबेच्या तांबे पाणी प्यायलेला माणूस तो. पहिल्याच आठवड्यात मी त्याला देवापुढच्या तांब्यातलं पाणी पिताना पकडलं. तेव्हापासून आमच्या देवापुढे रिकामा तांब्या असतो. देव तहानेने मरत नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी चारची बॅच. मी पहिली पाळी करून कंपनीच्या बसने पिंपळे गुरवला परत यायचे आणि त्याला रिक्षात घालून न्यायचे. गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी, तेवढा एक दिवस धावपळ कमी. तिथे हातात दोन जाड सुया खुपसून चार तास आरामखुर्चीत पडायचं. त्याला ते नको असायचं. आज पोटात दुखतंय, आज बाहेर गर्दी आहे, आज मन होत नाही. एकदा त्याने पाठोपाठ दोनदा टाळलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "तुझ्या मनासारखं झालं असतं आज." मी म्हटलं, "माझ्या मनासारखं व्हायला तुम्ही वेळेवर जायला हवं."

टॅब मुलीने दिला. ती नोकरीला बंगळूरला असते. तिचा जुना टॅब, तिचंच अ‍ॅप, त्यावर एक जपानी ॲनिमे मालिका, हिंदीत बोलणारी. साखरेमुळे त्याची नजर अधू झाली होती, मोबाइलवर त्याला काही दिसायचं नाही. टॅबवर दिसायचं. आयुष्यभर "कार्टून काय बघता, शेंबडी पोरं का तुम्ही" म्हणणारा माणूस तीन दिवसांत त्या मालिकेच्या नादाला लागला.

गोष्ट साधी होती. एका मिठागराच्या गावाचा समुद्र एका रात्रीत मागे हटतो आणि परत येत नाही. मिठागरातली एक मुलगी तो शोधायला निघते. बरोबर एक म्हातारा लोहार, ज्याला वाटतं की समुद्र कधी नव्हताच. नव्वदच्या वर भाग. तहानलेल्या माणसाला मुलीने नेमकी हीच गोष्ट का द्यावी, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मम्मी, रेटिंग चांगलं होतं."

तो घरी सलग बघू लागला. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा, आणि प्रत्येक भागाबरोबर एक बर्फाचा खडा, एक घोट, परत एक घोट. बाटलीवरच्या रेघांशी त्याचा संबंध सुटला. मंगळवारी काट्यावर साडेतीन किलो जास्त आले. मशीनने एवढं पाणी ओढल्यावर पायात असे गोळे आले की तो खुर्चीत ओरडला. मी तेव्हाच टॅब पर्समध्ये टाकला आणि पासवर्ड बदलला.

"यापुढे फक्त खुर्चीवर. आणि दोनच भाग," मी म्हटलं.

"दोनच का? चार तास पडून असतो मी."

"आठवड्याला सहा. म्हणजे दिवाळीपर्यंत पुरतील."

"म्हणजे दिवाळीपर्यंत मला जगवायचा बेत आहे," तो म्हणाला. "पुढचं बजेट मंजूर नाही का?"

मुलगी फोनवर त्याच्या बाजूने भांडली. असं कोणी बघतं का, ॲनिमे सलगच बघायचं असतं, तिने स्वतः ही मालिका तीन दिवसांच्या सुट्टीत संपवली होती. मी तिला म्हटलं, तुझ्या किडन्या चालू आहेत.

पण नियम लागू झाला आणि टाळाटाळ थांबली. मंगळवारी भाग संपताना मिठागरातली मुलगी विहिरीत उतरत असेल, तर गुरुवारी हा साडेतीनला तयार. तोंडाने मला शिव्या देत, पण तयार.

शेजारच्या खुर्चीवर आबा असायचे. मोशीचे, जुन्या शेतकरी घरातले. जमिनी गेल्या, इमारती आल्या. मुलं मोठ्या गाडीतून दारात सोडून जायची आणि काच खाली न करता निघून जायची. आबा आधी नुसते मान वळवून बघायचे. मग एक दिवस म्हणाले, "ओ पावनं, ती पोरगी कुटं चाललीया? बाप न्हाई का तिला?" नवऱ्याने त्यांना मागचे सगळे भाग तोंडी सांगितले. मग टॅब दोन खुर्च्यांच्या मधल्या स्टुलावर गेला आणि इअरफोनची एक वायर याच्या कानात, एक आबांच्या.

"समुद्र हुडकतीया म्हनं," आबा मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणायचे. "आमच्या इंद्रायणीवर ये म्हनाव. पानी कमी, पर फेस लई."

लोहारावर आबांचा विशेष राग. "ह्यो माजा थोरला हाय. समदं बापानं दिलं, आन वर म्हनतोय कदी काय दिलंच न्हाई."

दोन भाग झाले की मी टॅब उचलायचे. आबा हात जोडायचे, म्हणजे एक हात, दुसऱ्यात सुया. "वहिनी, आजून एक. आमी काय दिवाळीचं गिऱ्हाईक न्हाई."

"नियम म्हणजे नियम, आबा."

"आबा, ही स्टोअरची बाई," नवरा सांगायचा. "मेलो तरी सही घेतल्याशिवाय सरणाला लाकूड देणार नाही."

दोघं खो खो हसायचे. सिस्टर रागवायची, हलू नका, सुई निघेल. मीही हसायचे. आता वाटतं, त्या खोलीत आम्ही तिघंच हसत होतो. बाकीचे छताकडे बघत पडलेले असायचे.

एकदा आबा फारच मागे लागले. भाग नको, नुसता शेवट सांगा. समुद्र घावतो का न्हाई, एवढंच. शेवट मलाही माहीत नव्हता. मी मुलीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. नवऱ्याने कानांवर उशी दाबून घेतली.

"शेवट?" मुलगी म्हणाली. "थांब हं... सापडतो बहुतेक. की ते तिला स्वप्न पडतं? मम्मी, मला नीट आठवत नाही गं. त्यानंतर मी अजून दोन बघितल्या ना."

आबांनी कपाळाला हात लावला. "तीन दिसात समदं गिळलं आन पोटात काय बी ऱ्हायलं न्हाई! ह्यापरीस वहिनी बऱ्या."

ही आबांनी माझी केलेली एकमेव स्तुती.

नवरात्रातल्या एका मंगळवारी आबांच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. गुरुवारी तिथली चादर बदललेली होती आणि एक बाई बसली होती, तिशीतली, नवीन, भेदरलेली. नवऱ्याने सिस्टरला विचारलं, "आबा?"

"बॅच बदलली, काका."

तिथे असंच म्हणतात. गेल्या वर्षात आमच्या समोरून चौघांची बॅच बदलली. कोणती बॅच, सकाळची की रात्रीची, हे कोणी विचारत नाही. नवऱ्यानेही विचारलं नाही. मी टॅब काढला, तर म्हणाला, "नको."

घरी आल्यावर चप्पल काढता काढता बोलला. "तीसेक भाग राहिले होते. तीन बैठकांत झाले असते. तू म्हाताऱ्याला शेवट बघू दिला नाहीस."

"बघितला असता तर ते जगले असते का?"

"नाही. पण बघून मेला असता."

मी त्याची चप्पल उचलून कोपऱ्यात ठेवली. आबांसाठी नियम मोडला असता तर तो याच्यासाठीही मोडला असता. मी एकाच माणसाचं पाणी मोजत होते.

शनिवारी तो उठला नाही. "सगळे भाग दे, एकदम. मग येतो. नाहीतर माझीपण बॅच बदल." मी टॅब दिला नाही. रिक्षावाल्याला परत पाठवलं. वाटलं, रविवारी नरमेल. रविवारी त्याचे पाय मोजे घातल्यासारखे सुजले आणि पाठीला तीन उशा लावल्याशिवाय श्वास पुरेना. काटा सदुसष्ट दाखवत होता. गुरुवारनंतर मंगळवारपर्यंत मशीन नाही, म्हणजे काय होऊ शकतं, ते आम्हा दोघांना माहीत होतं. मी सेंटरला फोन केला. सोमवारी जागा नव्हती. श्वास वाढला तर सरळ इमर्जन्सीला आणा, म्हणाले.

"चला, आत्ता इमर्जन्सीला जाऊ," मी म्हटलं.

"भाग."

पाच किलो पाणी अंगात घेऊन माणूस एक शब्द बोलतो, आणि तो हा.

सोमवारी मी रजा टाकली आणि सौदा केला. आज सगळे भाग, उद्या चार वाजता खुर्ची. माझी अट, दिवसभरात एकच कप पाणी, आणि श्वास वाढला तर टॅब बंद करून दवाखाना. तो कबूल झाला. सकाळी आठला त्याने टॅब मांडीवर घेतला आणि इअरफोनच्या दोन्ही वायरी स्वतःच्या कानात घातल्या. मी बाजूला बसले तशी त्याने स्क्रीन वळवून घेतली.

"तुला नाही बघायचं. तू दिवाळीची आहेस."

मी दिवसभर पाय चेपत, श्वास मोजत बसले होते आणि तो माझ्याकडे पाठ करून बघत होता. दुपारी कप तोंडाला लावून अर्धाच प्यायला, उरलेला परत दिला, डोळे न हलवता. संध्याकाळी सात वाजून गेल्यावर त्याने टॅब बंद केला आणि छातीवर उपडा ठेवला.

"सापडला का समुद्र?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत मी त्याच्या तोंडावर एवढं समाधान बघितलं नव्हतं.

"सांगणार नाही."

मंगळवारी तो आला. दोन माणसांनी धरून खुर्चीत बसवला. सगळं पाणी एकदम काढता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही बोलावलं. बुधवारी जरा बोलता यायला लागल्यावर त्याने मला उद्या टॅब स्टुलावर ठेवायला सांगितला. मी म्हटलं, संपलं की सगळं. तो म्हणाला, "ठेव तू."

गुरुवारी शेजारी ती नवीन बाई होती. सुया लावताना रडली. ती शांत झाल्यावर नवऱ्याने इअरफोनची एक वायर तिच्याकडे केली. "ताई, एक गोष्ट आहे. बघणार का? पहिल्यापासून." पहिला भाग लागला. समुद्र मागे हटला. दुसरा भाग लागला. तो संपल्यावर तिने बोट पुढे केलं, तसा त्याने टॅब उचलून माझ्या हातात दिला.

"दोनच," तो म्हणाला.

"काका, अजून किती वेळ पडायचंय आपल्याला. अजून एक लावा ना."

"नियम आहे."

"बरं, एवढं तरी सांगा, समुद्र सापडतो का?"

"बॅच चुकवायची नाही. मग कळेल."

हे बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी मनात भागाकार केला. आठवड्याला सहा, म्हणजे रथसप्तमीपर्यंत.

पासवर्ड माझ्याकडेच आहे. कधीही शेवटचा भाग लावून बघता येईल, अर्ध्या तासाचं काम. बघितलेला नाही. एकदा मला शेवट कळला की माझ्याविरुद्ध त्याच्या हातात काही उरणार नाही, आणि मला तो खुर्चीवर हवा आहे. अधूनमधून मी मुद्दाम विचारते, सांगा ना, सापडतो का. तो खूश होऊन नाही म्हणतो आणि उरलेला अर्धा कप परत देतो.

काल शनिवार होता. मी कंपनीतून आले, तेव्हा तो चप्पल घालून दारात उभा होता. "उशीर केलास," म्हणाला. "ती बाई वाट बघत असेल."